घरच्या कासवाचे मुके दुखणे

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांना हसू आले असेल. माणसांच्या दुखण्याला दवाखाने पुरत नाहीत, तेथे कासवाची काळजी कोणी वाहावी? परंतु गालावर तांबडा पट्टा असलेले ते चिमुकले पाणकासव आज शहरांतील अनेक घरांत काचेच्या पेटीत पोहताना दिसते. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते, पण पुष्कळदा फार आधीच दगावते, आणि घरातले मूल विचारते, "काल तर बरे होते, मग एकाएकी कसे मेले?" याचे खरे उत्तर असे, की ते एकाएकी मेलेले नसते.

कासव हा शीतरक्ताचा प्राणी. आपल्या अंगची ऊब आपण आतून निर्माण करतो, कासव ती बाहेरून घेते. ऊब कमी पडली की पचन, जखम भरणे, रोगाशी झुंजणे, सारेच मंदावते. त्यात निसर्गात दुबळेपणा दाखवील तो शत्रूच्या तोंडी पडतो. म्हणून दुखणे लपविण्याकडेच त्याचा कल. कुत्रा कण्हतो, मांजर कोपरा धरते. कासव मात्र अखेरपर्यंत गप्प राहते. म्हणून लक्षण दिसले, त्या दिवशी आजार जुनाच आहे असे समजावे.

मग पाहावे काय? पाण्यात एका अंगाला कलून तरंगणे, तोंड उघडून श्वास घेणे, नाकातून बुडबुडे येणे, ही बहुधा फुफ्फुसाच्या दाहाची खूण. सुजून मिटलेले डोळे हे पुष्कळदा अ जीवनसत्त्वाच्या उणिवेचे चिन्ह. वाढत्या कासवाची पाठ बोटाखाली दबू लागली, तर चुना आणि ऊन कमी पडले असे जाणावे. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, पण हाडांना लागणारे अतिनील किरण काच बहुतेक अडवून धरते. मादी सारखी धडपडते, मागच्या पायांनी उकरते आणि खात नाही, तर अंडी अडकल्याची शंका घ्यावी. शेपटीखालून लालसर मांस बाहेर आले, किंवा पडून कवच तडकले, तर तासाचाही विलंब नको. फुफ्फुसे पाठीच्या कवचाला लागूनच असतात. वरची चीर थेट तेथवर पोचू शकते.

पशुवैद्याकडे नेईपर्यंत आपल्या हाती थोडेच असते, पण ते मोलाचे असते. आजारी कासव खोल पाण्यात ठेवू नये. बुडण्याचे भय असते. हवेची भोके पाडलेल्या खोक्यात ओलसर फडके अंथरून, अठ्ठावीस अंशांच्या आसपास ऊब राहील असे पाहावे. भर उन्हात मात्र ठेवू नये. तेथे ते तापून मरते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने हलके दाबून धरावे. बाहेर आलेले मांस आत ढकलू नये, मिठाच्या निर्जंतुक पाण्याने ओले ठेवावे. चीर घरच्या डिंकाने चिकटवू नये. आत घाण कोंडते. बुडालेले कासव उताणे न करता, डोके खाली कलते धरून पाणी निथळू द्यावे.

घरातले औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. गुराढोरांना जंतांवर देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला विष ठरते. आणि हालत नाही म्हणून मेले, असेही ठरवू नये. गारठलेल्या कासवाचे ठोके इतके मंद असतात की पशुवैद्यालाच ते सापडतील.

हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असतात; लहान मुलांना त्यांचा धोका अधिक. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. कंटाळा आला म्हणून ते नदीत वा विहिरीत सोडू नये. परक्या कासवाने आपल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावू नये. आपले तारा कासव पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे. जखमी सापडल्यास वनखात्याला कळवावे.

एवढे सांगितले तरी मुख्य औषध एकच उरते: रोज पाच मिनिटे नीट पाहणे. काल किती खाल्ले, कसे पोहले, डोळे उघडे होते का, हे ज्या घरात ठाऊक असते, तेथे दुखणे लवकर ओळखू येते. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याला घरी आणताना आपण त्याच्या वतीने पाहण्याचे काम पत्करलेले असते.