सेल्फ उचलत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळचे साडेनऊ वाजतायत. समोरच्या शेडमध्ये लेथ सुरू झालंय, पलीकडच्या फाउंड्रीतून तापल्या वाळूचा वास येतोय आणि गल्लीच्या तोंडाशी एक राखाडी ॲम्बेसेडर ढकलत आणली जातेय. मागं दोन पोरं आणि चहावाला, स्टिअरिंगवर पांढऱ्या टोपीतले काका. मार्क टू मॉडेल, वडिलांनी घेतलेलं. गाडी शेडपुढं थांबते न थांबते तोच काका खाली उतरतात.

"सेल्फ गेलाय. नवाच टाका, एकदाची कटकट मिटू दे."

मिस्त्री चिंधीला हात पुसत बाहेर येतात. "गेला म्हणून कुणी सांगितलं काका? आधी बघू तरी. बसा आत. हेडलाइट लावा, आणि मी सांगितल्यावर सेल्फ मारा."

काका सेल्फ मारतात. इंजिन कण्हत अर्धा वेढा घेतं आणि थांबतं. दिवे पिवळे पडतात, पण विझत नाहीत. मिस्त्रींना एवढ्यावर पुष्कळ कळलेलं असतं. सेल्फ मारल्यावर दिवे जसेच्या तसे राहिले, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही; स्विच किंवा सोलेनॉइड बघायचा. दिवे पार विझत आले, तर बॅटरी बसलीय किंवा सेल्फ अडकलाय. आणि हे असं मधलंच काही झालं, तर करंट वाटेत कुठंतरी खाल्ला जातोय. अजून एकही बोल्ट ढिला झालेला नाही. गाडीला असं आधी विचारून घेणारी माणसं मला मोलाची वाटतात. सगळा सेल्फ काढून दुसरा बसवणं सोपं असतं, पण रोग वायरीत असेल तर तो नव्या सेल्फलाही तसाच छळतो.

बॉनेट उघडतं. ॲम्बेसेडरच्या बॉनेटखाली जागा ऐसपैस. १४८९ सीसीचं इंजिन मधोमध बसलेलं, आणि डिस्ट्रिब्युटरच्या खाली, पार तळाला, लुकासच्या घडणीचा जाडजूड सेल्फ. मिस्त्री तिकडं बघतही नाहीत. मीटरची टोकं बॅटरीच्या खांबांवर ठेवतात. उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना ११.२. बॅटरी ठणठणीत. मग एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर.

"मारा."

काटा २ व्होल्टवर जातो. इथं पाव व्होल्टसुद्धा पडायला नको. सेल्फ २०० अँपिअर ओढत असेल, तर ४०० वॉट त्या एका सांध्यात नुसते उष्णतेत चाललेत.

"चोकच्या केबलला हात लावून बघा," मिस्त्री मला म्हणतात. केबल चांगलीच कोमट लागते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे चेसिसपासून विजेच्या हिशेबानं तुटलेलंच. परतीची वाट एकच: तांब्याच्या विणलेल्या तारांची अर्थची पट्टी. ती खराब झाली की करंट मिळेल ती वाट धरतो, चोकची, ॲक्सिलरेटरची. कितीतरी माणसं चोक घट्ट झाला म्हणून केबल बदलतात; ती भाजली कशानं, हा प्रश्न तसाच राहतो.

पट्टी निघते. एक टोक हिरवं पडलंय, दुसऱ्याखाली कुणीतरी रंगाचा हात फिरवलाय. मिस्त्रींच्या हाताखालचं पोरगं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासतं, दात्यांचा वॉशर टाकून नवी पट्टी आवळतं, वरून पेट्रोलियम जेली. परत सेल्फ. या वेळी कण्हणं गेलंय, आवाज मोकळा आहे. पण सुर्र... मोटर एकटीच फिरते, इंजिन जागचं हलत नाही. पुन्हा मारल्यावर खट्, आणि सगळं ठप्प.

"आता उतरवायचा," मिस्त्री म्हणतात. त्यांचा चेहरा खुललेला असतो.

अडकलेला दाता आधी सोडवायला हवा. सेल्फच्या मागच्या टोकाला एक छोटी टोपी असते. ती काढली की शाफ्टचं चौकोनी टोक हाती लागतं. मिस्त्री त्यावर पाना लावून झटका देतात, आत काहीतरी कटकन सुटतं. अशा वेळेसाठी ते टोक मुद्दाम चौकोनी ठेवणाऱ्या माणसाचं मला कौतुक वाटतं. गाडी रस्त्यात अडेल आणि हातात एक पानाच असेल, हे त्यानं धरून चाललेलं आहे.

दोन बोल्ट सुटतात आणि सेल्फ बाकड्यावर येतो. शाफ्टवरचं बेंडिक्स पिवळ्या ग्रीसनं लडबडलंय. त्यात क्लचची काळी धूळ बसून घट्ट लगदा झालाय. बेंडिक्सचं सगळं काम जडत्वावर चालतं. शाफ्ट एकदम वेग घेतो, पिनियन, म्हणजे त्यावरचं छोटं दातेरी चाक, मात्र क्षणभर मागं रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यामुळं आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये शिरतो. इंजिन पेटलं की रिंग जोरात फिरते आणि त्याला परत मागं फेकते. आट्या चिकट झाल्या की कधी तो शिरतच नाही, कधी अर्धवट शिरून अडकतो. ग्रीस घालणाऱ्यानं काळजीपोटीच घातलं असणार. इथं मात्र रॉकेलनं धुऊन कोरडं ठेवणं, फार तर पातळ तेलाचा एक थेंब, एवढंच चालतं.

कार्बनवरचा पत्र्याचा पट्टा सरकवतात. चार कार्बन, त्यांतला एक आखडलेला, स्प्रिंग दाबूनही पुढं येत नाही. तो घासून मोकळा होतो. कम्युटेटर काळा पडलाय, त्याला बारीक काचकागद. मधल्या अभ्रकाच्या रेघा वर आलेल्या दिसतात तसं पोरगं हॅकसॉचं पातं उचलतं.

"ए, थांब. डायनॅमोची खाच पाडायची, सेल्फची न्हाई. काचकागदानं सारखं कर, बास."

लुकासच्या जुन्या पुस्तकांतही हेच सांगितलंय. मिस्त्रींनी ते पुस्तक वाचलेलं नाही. त्यांना ते वडिलांकडून, उसाच्या चरकांची ऑइल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून आलंय.

शाफ्ट बुशात डुगडुगतोय. आर्मेचरवर एका बाजूला घासल्याची चकाकी. मिस्त्री फळीवरून काचेची बरणी काढतात. तिच्यात इंजिन ऑइलमध्ये निरनिराळ्या मापांचे ब्रॉन्झचे बुश कायम बुडवून ठेवलेले असतात. हा धातू सच्छिद्र. निदान दिवसभर तेल प्यायला की पुढं वर्षानुवर्षं स्वतःच शाफ्टला तेल देत राहतो. गिऱ्हाईक दारात आल्यावर भिजवायला घालून भागत नाही, म्हणून ही बरणी. योग्य मापाचा बुश ठोकून बसवतात आणि शाफ्ट गुळगुळीत फिरतो.

पण बसवायच्या आधी एक काम राहिलेलं असतं. सेल्फ काढलेल्या भोकात टॉर्च धरून मिस्त्री पोराला हँडल मारायला सांगतात, सावकाश. हँडल बंपरमधून आत जातं. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव," ते बजावतात. इंजिननं उलटा फटका दिला तर अंगठा मोडतो. १९१२ साली कॅडिलॅकवर केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ आला, त्याआधी असे हात-मनगटं मोडणं नित्याचं होतं.

मी वाकून बघतो. रिंगचे दाते एकामागून एक सरकतायत, धड, धड, धड, आणि मग सात-आठ दाते कुरतडल्यासारखे. पुढं अर्धा वेढा पुन्हा धड आणि नेमके समोरासमोर तसेच कुरतडलेले. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनला अडून बहुतेक वेळा याच दोन जागी थांबतं, आणि पिनियन दर वेळी तिथंच येऊन आदळतो.

सेल्फ जागेवर बसतो. काका सेल्फ मारतात आणि गाडी पहिल्या झटक्यात उचलते. मिस्त्री बॉनेट लावू देत नाहीत. इंजिन पुरतं तापू देतात, बंद करायला लावतात, परत मारायला सांगतात. गरम इंजिनावरही उचलते.

"रिंगचं काय?" काका विचारतात.

"आज न्हाई. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरेल तवा नवी रिंग तापवून चढवू. तोवर कधी खट् झालं, तर सारखा सारखा सेल्फ मारू नका. चावी बंद करा, टॉप गिअर टाका आणि गाडी पुढं-मागं हलवा. दाता सुटतोय."

"टॉप म्हणजे चौथाच ना?"

"चौथा. पहिल्यात टाकली तर हलणारच न्हाई."