तेल बदलले, पण झिजेचे काय?

संध्याकाळी विजेची मागणी वाढली की व्होल्टेज घसरते. तेव्हा उपकेंद्रातील मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप चेंजर तारेच्या वेढ्यांची संख्या बदलून ते सावरतो. असे करताना तेलात बुडालेले धातूचे कॉन्टॅक्ट एकमेकांवर घासतात.

नेहमीचे खनिज तेल सुमारे 170 अंश सेल्सिअसला पेट घेते. सोयाबीनसारख्या वनस्पतींचे तेल 300 अंशांच्या पुढे पेटते आणि सांडले तरी मातीत विघटित होते. परंतु ते अधिक दाट असते. त्याचा थर झीज वाचवील, की विजेची वाट अडवून कॉन्टॅक्ट तापवील? हाच पीएच.डी.चा विषय. त्यासाठी कॉन्टॅक्ट तेलात हजारो वेळा घासून झीज व रोध मोजतात.

चांगल्या वस्तूचीही परीक्षा घ्यावीच लागते!