कसूर कोणाची, हिस्सा कोणाचा?

मीरा रोडच्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा मी काही वर्षे सचिव होतो. एका रविवारी आमच्याच इमारतीतल्या एक बाई कार्यालयात आल्या आणि त्यांनी आपल्या घराचे शेअर सर्टिफिकेट पाहायला मागितले. पन्नास रुपयांचे दहा शेअर आणि त्यावर एकच नाव, पतीचे. पती वर्षभरापूर्वी दुसऱ्या स्त्रीसोबत राहायला निघून गेला होता. घराचा हप्ता त्याच्या पगारातून जात असे. किराणा, मुलांच्या फिया, सासूबाईंची औषधे हे सारे बाई डबे करून भागवत आल्या होत्या. त्यांनी विचारले, "भाऊ, चूक त्यांची आहे हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. मग घर माझंच होईल ना?"

"वकिलांना विचारा, ताई," असे म्हणून मी रजिस्टर मिटले. उत्तर मला माहीत नव्हते. पुढे वाचत गेलो, तेव्हा हा प्रश्न किती जुना आहे आणि आपल्या कायद्याने तो किती विचित्र जागी आणून सोडला आहे, ते कळत गेले.

जुन्या धर्मशास्त्रात हा प्रश्न थेट येतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात एक नियम आहे. आज्ञाधारक, कामात दक्ष, पुत्रवती आणि गोड बोलणाऱ्या पत्नीचा जो पती त्याग करतो, त्याला आपल्या धनाचा तिसरा हिस्सा तिला द्यायला लावावा. तो निर्धन असेल तर त्याने तिचे भरणपोषण करावे. म्हणजे पतीच्या कसुरीची किंमत मालमत्तेत मोजली होती. मात्र तो हिस्सा मिळवायला पत्नी आधी सर्वगुणसंपन्न ठरायला हवी.

कात्यायनाची स्मृती आज अखंड उपलब्ध नाही. इतर ग्रंथांत विखुरलेली तिची वचने महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी गोळा करून १९३३ साली प्रसिद्ध केली. स्त्रीधनावर पती, पुत्र, पिता आणि भाऊ यांचा अधिकार नाही आणि कोणी ते बळाने वापरले तर व्याजासह परत करावे, असे कात्यायन सांगतो. त्याच्याच नावावरचे दुसरे वचन सांगते की पतीचे अहित करणारी, निर्लज्ज, धनाचा नाश करणारी आणि व्यभिचारी स्त्री स्त्रीधनास पात्र नाही. या यादीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. धनाचा नाश हा पैशाचा व्यवहार आहे, व्यभिचार हा वर्तनाचा. त्यांची गाठ आजही सुटलेली नाही.

आता चालू कायदा पाहू. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे न्यायालय फक्त अशा मालमत्तेची व्यवस्था लावू शकते, जी लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळाली आणि दोघांच्या मालकीची आहे. महाराष्ट्रातल्याच एका दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले की लग्नाआधी किंवा नंतर मिळालेली भेटही, ती लग्नाशी निगडित असेल तर, यात धरता येईल. हा अर्थ बराच व्यापक आहे. तरी लग्नानंतर वीस वर्षांत हप्ते फेडून उभे राहिलेले घर त्यात बसत नाही. ते ज्याच्या नावावर, त्याचे. दुसऱ्याने खरेदीत पैसा घातल्याचे कागदोपत्री दाखवले तर दावा करता येतो. डब्यांच्या पैशातून भरलेल्या किराण्याची पावती मात्र घराच्या खरेदीची पावती होत नाही.

म्हणजे घटस्फोटात मालमत्ता वाटून देणारा सर्वसाधारण नियमच आपल्याकडे नाही. जिथे वाटणीच नाही, तिथे कसुरीमुळे ती कमीजास्त होणार कशी? म्हणून कसुरीचा हिशेब पोटगीत शिरतो. कलम २५ प्रमाणे कायमची पोटगी ठरवताना दोघांचे उत्पन्न आणि मालमत्ता यांबरोबर दोघांचे वर्तनही पाहायचे असते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. तिथे नियम अधिक कडक आहे. व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीला पोटगीचा हक्क नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगलीकडच्या एका प्रकरणात व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट झालेल्या स्त्रीची पोटगी याच आधारावर नाकारली. वाद दरमहा काही शे रुपयांचा होता.

याची दुसरी बाजू पाहा. व्यभिचारी पतीच्या नावावरचा फ्लॅट, दुकान, मुदतठेवी यांना त्याच्या व्यभिचाराने धक्का लागत नाही. फार तर पोटगीची रक्कम वाढेल. कागदावर दोघांचेही वर्तन तोलले जाते, पण जिच्या नावावर काही नाही तिच्या पानातली भाकरी त्या तराजूत असते, आणि ज्याच्या नावावर सर्व काही आहे त्याचे घर तराजूबाहेर राहते.

आपल्या शेजारी वेगळी वाट आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीत, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि दोघांचा निम्मा निम्मा वाटा मानला जातो. पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर विकता येत नाही. सावंतवाडीहून पेडण्याला जाताना भाषा तीच राहते, घराचा हिशेब मात्र बदलतो.

इंग्लंडच्या १९७३ च्या कायद्यातही वर्तनाचा उल्लेख आहे, पण ते दुर्लक्षिणे अन्यायाचे ठरेल इतके गंभीर असेल तरच. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने हे पुन्हा ठासून सांगितले. कॅलिफोर्नियात १९७० पासून घटस्फोटाला दोष सिद्ध करावा लागत नाही आणि सामाईक मालमत्ता समान वाटली जाते. मात्र एकाने ती जाणूनबुजून उधळली किंवा लपवली, तर ती रक्कम त्याच्या वाट्यातून वळती होते. कात्यायनाची गाठ तिथे अशी सुटली आहे: धनाचा नाश हिशेबात, शयनगृह हिशेबाबाहेर.

मला ही विभागणी योग्य वाटते. यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. एखादी परिचारिका रात्रपाळ्या करून घराचे हप्ते फेडते, नवरा दारूत पैसा घालवतो. समान वाटणी आली तर निम्मे घर त्यालाही जाईल. हे कोणाला पटेल? पण इथेही उत्तर पैशाच्या हिशेबात मिळते. दारूत गेलेली कमाई, काढलेली कर्जे, विकलेले दागिने त्याच्या वाट्यातून वजा व्हायला हवेत. मारहाणीमुळे कोणाची नोकरी सुटली, तर तेही नुकसान आहे आणि मोजता येते. परपुरुष वा परस्त्री यांचे मोजमाप रुपयांत करू गेले, की न्यायालयात चिठ्ठ्या, फोटो आणि शेजाऱ्यांच्या साक्षींचा बाजार भरतो. त्यात जिच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ती आधी हरते.

बदलाच्या दिशेने काही पावले पडली आहेत. घटस्फोटात पतीच्या स्थावरातून पत्नीला भरपाई देण्याची तरतूद असलेले विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केले. लोकसभेची मुदत संपली आणि ते रद्दबातल झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नागपूर खंडपीठातून आलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात, पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. लपवाछपवीला त्यामुळे आळा बसतो. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमाला मालमत्तेतले योगदान मानून तिला समान वाटा दिला. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण विचाराची दिशा त्यातून दिसते.

क्रम मात्र चुकता कामा नये. वाटा आधी ठरवावा आणि कसूर त्यानंतर वजा करावी. वाटाच न देता कसुरीची चर्चा करणे म्हणजे रिकाम्या हातावर दंड बसवणे होय.

त्या बाईंना आज मी काय सांगेन? पतीच्या चुकीमुळे घर तुमचे होणार नाही, ताई. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तुम्ही तिथे राहण्याचा आदेश मागू शकता. त्याने निवारा मिळेल, मालकी मिळणार नाही. घरात घातलेल्या पैशाचा जो कागद सापडेल तो जपून ठेवा.

त्या अजून त्याच घरात राहतात. सोसायटीचे मेंटेनन्सचे बिल दर तीन महिन्यांनी पतीच्या नावाने निघते आणि त्या ते भरतात. पावतीवर नाव पतीचेच येते.