गासड्यांचीं घरें

घर बांधावयाचें म्हटलें म्हणजे आपल्या मनांत प्रथम दगड, वीट, लांकूड आणि माती हींच येतात. परंतु ज्या मुलखांत यांपैकीं एकही वस्तु पुरेशी मिळत नाहीं, तेथें घर उभें करण्याची पाळी आली तर मनुष्यानें काय करावें? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेब्रास्का येथील शेतकऱ्यांवर हा प्रसंग आला होता, व त्यांनीं तो गवताच्या गासड्यांनीं निभावून नेला. ही हकीकत आपल्या शेतकरी बंधूंनीं समजून घेण्याजोगी आहे.

आरंभ जमिनीच्या कायद्यापासून केला पाहिजे. सन १८६२ च्या कायद्यान्वयें अमेरिकन सरकार वसाहत करूं इच्छिणारास १६० एकर सरकारी जमीन देत असे. अट अशी कीं, त्यानें त्या जमिनींत घर करून पांच वर्षें राहावें व ती वहितीस आणावी. मगच ती त्याच्या नांवें होई. पश्चिम नेब्रास्कांतील वाळूच्या टेकड्यांत इतक्या जमिनीवर कुटुंबाचें पोट भरेना, म्हणून १९०४ च्या किंकेड कायद्यानें तेथें ही मर्यादा ६४० एकर केली. राहण्याची अट मात्र कायम राहिली. घर नाहीं तर जमीन नाहीं, असा तो रोकडा हिशेब होता.

पण घर बांधावें कशाचें? झाडें जवळजवळ नव्हतींच. लांकूड दुरून आणावें तर भाडें परवडेना. त्या संस्थानांत इतरत्र लोक मुळांसह मातीचीं ढेंकळें कापून त्यांच्या भिंती रचीत. परंतु येथील वाळूसर ढेंकळें हातांतच सुटत. विपुल होतें तें गवत. तें दाबून गासड्या बांधण्याचीं, घोड्यांनीं चालणारीं यंत्रें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रचारांत आलीं होतीं. तेव्हां विटेच्या जागीं गासडी घालावी, ही कल्पना लोकांस सुचली.

गासडी साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद व सव्वा फूट जाड असे. खालच्या थराचा सांधा वरच्या गासडीनें झांकला जाईल अशा रीतीनें त्या रचीत आणि वरून लांकडी खुंट किंवा लोखंडी सळया ठोकून जखडीत. भिंतींच्या माथ्यावर लांकडी चौकट बसवून तिजवर छप्पर ठेवीत. तें बहुधा चौपाखी असे, म्हणजे भार चारी भिंतींवर सारखा पडे. त्या भारानें गासड्या दबून बसल्या म्हणजे मग आंतबाहेर गिलावा करीत. भिंतीची जाडी व काडांमध्यें कोंडलेली हवा यांमुळें कडाक्याची थंडी व उन्हाची झळ आंत सहसा शिरत नसे.

अशी भिंत टिकते काय? बेयार्ड गांवाजवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गासड्यांची एक शाळा बांधली होती. तिला गिलावा नव्हता व कुंपणही नव्हतें. कांहीं वर्षांत गुरांनीं ती खाऊन टाकिली, असें सांगतात. उलट आर्थर गांवीं १९२८ सालीं राय धान्याच्या काडाच्या गासड्यांनीं बांधलेलें प्रार्थनामंदिर गिलाव्याच्या आश्रयानें आजही उभें आहे. फ्रान्समध्यें मोंतार्जी येथें १९२० सालीं बांधलेलें काडाचें घरही शाबूत आहे. सामान एकाच जातीचें. राखण निराळी म्हणून फळ निराळें.

या भिंतीचा पहिला शत्रु पाणी. गासडींतील ओलावा शेंकडा २० हून अधिक काळ टिकून राहिला तर बुरशी धरते व काड आंतल्याआंत कुजतें. म्हणून काड चांगलें वाळलेलें असावें, जोतें उंच असावें व छपराची वळचण भिंतीपुढें बरीच यावी. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा आंतील वाफ बाहेर जाऊं देतो. सिमेंटचा तितकी जाऊं देत नाहीं. दुसरा शत्रु उंदीर; यास्तव दाणा राहिलेलें गवत टाळून मळणी होऊन निघालेलें काडच घ्यावें व गिलाव्यास भोंक राहूं देऊं नये. तिसरा शत्रु आग. सुटें काड क्षणांत पेटतें; परंतु घट्ट दाबलेल्या गासडींत हवा खेळत नसल्यानें गिलावा केलेली भिंत सहजीं पेट घेत नाहीं. खरा धोका बांधकाम चालू असतां भोंवतीं पसरलेल्या काडाचा असतो.

अशा भिंतीचा आणखी एक गुण भूकंपांत दिसतो. सन २००५ च्या काश्मीरच्या भूकंपानंतर उत्तर पाकिस्तानांत साध्या पेटींत काड दाबून लहान गासड्या करण्यांत आल्या व त्यांचीं घरें बांधलीं गेलीं. तशाच एका घरास २००९ सालीं नेवाडा विद्यापीठांत यंत्रावर जबर हादरे दिले, तरी तें कोसळलें नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जड भिंती व माळवदें यांखालीं सांपडून हजारों माणसें दगावलीं, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. हलक्या भिंतीचें मोल त्यावरून कळावें.

तथापि परक्या देशांतील रीत डोळे मिटून उचलूं नये. ज्वारीचा कडबा हा जनावरांच्या तोंडचा घास आहे. तो भिंतींत घालणें शहाणपणाचें नव्हे. कोंकणांतील तिरक्या पावसांत अशी भिंत कोरडी ठेवणें अवघड, आणि आपल्या जमिनींत वाळवीचाही बंदोबस्त हवा. परंतु जेथें पाऊस बेताचा आहे आणि गव्हाचें काड वैरणीस न लागतां वायां जातें किंवा जाळलें जातें, तेथें शेतावर अवजारें ठेवण्यापुरती एक लहान खोली या रीतीनें बांधून पाहावी. खर्चाची नोंद ठेवावी, आणि पावसाळ्यानंतर भिंतींत दोन-तीन ठिकाणीं हात घालून काड तपासावें. दोन पावसाळे तें कोरडें राहिलें, तरच राहत्या घराचा विचार करावा.