एचआयव्हीबाधितांमधील क्षयरोग : शोध घेण्याची रीत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी आठवी ते दहावी शास्त्र शिकलो. उत्तर चुकले म्हणून सर रागावत नसत. "उत्तर राहू दे, प्रश्न काय होता ते आधी सांग," एवढेच म्हणत. छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून बेळगावात घालविलेल्या वर्षांत हे वाक्य मला वारंवार आठवले. कारण आजचा माझा विषय बराचसा प्रश्न विचारण्याचाच आहे. एचआयव्हीची बाधा असलेल्या व्यक्तीच्या शरीरात क्षयरोग दडून बसला आहे काय, हे कसे शोधावे, हा तो विषय.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जगापुढे मांडला. त्यानंतर पाचच वर्षांनी, अमेरिकेहून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगाने गेल्या. जंतू ठाऊक होता, औषध नव्हते. ते मिळण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले. आज औषध आहे, एचआयव्हीला काबूत ठेवणारी औषधेही आहेत. तरीही २०२३ या एका वर्षात जगभर क्षयाने दगावलेल्या सुमारे साडेबारा लाख माणसांपैकी १ लाख ६१ हजार एचआयव्हीबाधित होती. २०१५ साली निरनिराळ्या देशांतील शवविच्छेदनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात मृत एचआयव्हीबाधित प्रौढांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या शरीरात क्षय आढळला आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांचा रोग जिवंतपणी कोणाच्या ध्यानीही आला नव्हता.

हे असे का व्हावे? जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरला म्हणजे क्षय झालाच असे नाही. शरीरातील संरक्षक पेशी त्याच्याभोवती कडे करतात आणि तो आत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. अशा संसर्गित निरोगी माणसांपैकी शेकडा ५ ते १० जणांनाच साऱ्या आयुष्यात केव्हातरी रोग होतो. या तटबंदीवर पहारा देणाऱ्या सीडी४ पेशी एचआयव्ही नेमक्या नष्ट करतो. उपचार न घेणाऱ्या बाधिताला जो धोका इतरांना आयुष्यभरात असतो, तेवढा दर वर्षी असतो.

पण खरी मेख पुढेच आहे. क्षयाच्या रुग्णाच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात जी पोकळी दिसते, ती एकट्या जंतूची करणी नव्हे. शरीराने दिलेल्या झुंजीत तेथील ऊती नासून ती पडते. पोकळीत जंतूंची बेसुमार वाढ होते आणि ते थुंकीतून बाहेर येतात. ज्याची प्रतिकारशक्ती ढासळली आहे त्याच्यात झुंजच मंद असते, पोकळी पडत नाही, थुंकीत जंतू थोडे उतरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसण्यासाठी एका मिलिलिटर थुंकीत निदान पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. म्हणजे रोगी जितका खंगलेला, तितकी त्याची थुंकी 'निर्दोष' आणि कित्येकदा क्ष-किरण चित्रही स्वच्छ!

हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकलो एका माणसाकडून. १९९७ च्या पावसाळ्यात वडगावकडील एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे आला. तेव्हा मी ज्या रुग्णालयात होतो तेथे थुंकीची तीनदा तपासणी झाली, तिन्ही वेळा जंतू आढळले नाहीत. खोकल्याविषयी विचारता तो म्हणाला, "मागावरचा खोकला आहे, डॉक्टर. सुताचे तंतू जातात छातीत." मला ते पटले. ताप आहे का, तर नाही. कागदावर मी तसे लिहिले आणि त्याला घरी पाठविले. दोन महिन्यांनी तो अत्यवस्थ होऊन परत आला आणि चौथ्या दिवशी गेला. त्याची पत्नी म्हणाली, "दिवाळीपासून रोज संध्याकाळी कणकण असायची त्यांना." कणकण! आपल्याकडे ताप म्हणजे अंथरूण धरायला लावणारा. अंग मोडून येते, डोळे जळजळतात, ती कणकण. मी तापाविषयी विचारले होते. त्याने खरे तेच सांगितले होते.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीबाधितांच्या प्रत्येक भेटीत विचारावयाचे चार प्रश्न ठरवून दिले : सध्या खोकला आहे काय, ताप येतो काय, वजन घटले आहे काय, रात्री घाम येतो काय. यांत एक बारकावा आहे. इतरांच्या बाबतीत दोन आठवड्यांचा खोकला हे निमित्त मानीत. येथे कालच सुरू झालेला खोकलाही पुरतो. चारांपैकी एका प्रश्नाला जरी होकार आला तरी पुढील तपासण्या करावयाच्या. ज्या आकडेवारीवर ही रीत बेतली होती, तिच्यात क्षय असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ७९ या प्रश्नांत सापडत होते. ना यंत्र, ना खर्च. हे काही थोडे नव्हे.

मात्र २०१८ च्या एका विश्लेषणाने डोळे उघडले. एचआयव्हीवरील औषधे नियमित घेणाऱ्यांमध्ये हेच चार प्रश्न १०० पैकी सुमारे ५१ जणांनाच हेरतात. प्रकृती सुधारलेली असते, लक्षणे सौम्य असतात, आणि दर महिन्याला तेच ऐकून रुग्णही प्रश्न पुरा होण्याआधी मान हलवतो. आमच्या केंद्रात मराठीत "खोकला?", कन्नडमध्ये "केम्मू?" आणि वहीत चार फुल्या, असा प्रकार गर्दीच्या दिवशी मी स्वतः पाहिला आहे. त्यात कोणाचा आळस असतो असे नाही. दीडशे माणसे बाहेर ताटकळत असतात आणि त्यांना खानापूर, बैलहोंगलची बस गाठावयाची असते.

त्या कामगाराच्या पत्नीलाही बाधा होती. सरकारने मोफत औषधे देण्यास २००४ साली आरंभ केला. काही वर्षांनी त्या आमच्याकडे नाव नोंदवून गोळ्या घेऊ लागल्या. एका भेटीत त्यांची चारही उत्तरे 'नाही' अशी होती. समुपदेशक बाई मात्र नोंदवही चाळीत होत्या : ४६ किलो, साडेचव्वेचाळीस, ४३. वजन घटले काय, या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर प्रामाणिकच होते, कारण घरी वजनकाटा कोणाकडे असतो? बाईंनी वेगळ्या रीतीने विचारले, कपडे सैल होतात का? तेव्हा त्या म्हणाल्या की पोलक्यांना आतून टाके घालावे लागले. मानेपाशी एक गाठ हाताला लागली. सुईने द्रव काढून तपासला तो क्षयाचाच निघाला.

आता साधनेही पालटली आहेत. २०१० अखेरीस संघटनेने मान्य केलेली जनुकीय तपासणी सुमारे दोन तासांत जंतू दाखविते आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही तेही सांगते. 'ट्रूनॅट' नावाचे अशाच जातीचे छोटे यंत्र आपल्या शेजारी, चोर्ला घाटाखाली गोव्यात तयार होते. संघटनेने २०२० मध्ये त्याच्या वापराची शिफारस केली. बॅटरीवर चालत असल्याने ते तालुक्याच्या गावीही ठेवता येते. अतिशय खंगलेल्या रुग्णाला थुंकीच येत नाही. त्याच्या लघवीतील जंतूच्या आवरणाचा अंश पट्टीवर अर्ध्या तासात दिसू शकतो. २०२१ पासून क्ष-किरण चित्र व रक्तातील सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिनाची चाचणी यांनाही प्रश्नांच्या जोडीला स्थान मिळाले आहे. मुलांचे प्रश्न वेगळे असतात. मूल घामाविषयी सांगणार नाही. त्याचे वजन वाढत आहे काय आणि घरात कोणाला क्षय आहे काय, हे पाहावे लागते.

चारही उत्तरे खरोखरच नकारार्थी असली तर काम संपले असे अनेकांस वाटते. वस्तुतः तेथून दुसरे काम सुरू होते. अशा व्यक्तीला सहा महिने रोज आयसोनियाझिडची गोळी दिली असता निपचित जंतूंना उठण्याची संधी मिळत नाही. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत ब-६ जीवनसत्त्व देतात. आपल्या देशातील केंद्रांतून ही प्रतिबंधक योजना २०१६-१७ पासून राबविली जाऊ लागली. पण आत क्षय चालू असताना ही एकच गोळी दिली, तर अगणित जंतूंतील मूठभर हट्टी जंतू तेवढे उरतात आणि पुढे औषधाला दाद देत नाहीत. म्हणून फुली चुकीची पडली तर नुकसान दुहेरी असते.

शिवाय प्रश्न कोठे विचारला जातो, यालाही महत्त्व आहे. रांगेत, मागच्याला ऐकू जाईल असा विचारलेला प्रश्न खरे उत्तर आणीत नाही. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने बाधिताच्या संमतीवाचून त्याची माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. कायदा नसता तरी ते अशोभनीयच होते. आम्ही पुढे एक साधी व्यवस्था केली. खोकणाऱ्याला रांगेतून पुढे घ्यावयाचे, व्हरांड्यात मोकळ्या हवेत बसवायचे, आणि प्रश्न आतल्या खोलीत, दार लोटून विचारावयाचे. वहीच्या प्रत्येक पानावर 'ताप' या शब्दाखाली समुपदेशक बाईंनी लाल शाईने 'कणकण' असा शब्द लिहून ठेवला होता, त्याखाली कन्नडमध्येही.

त्या भगिनींचे उपचार पुरे झाले. त्या अजून महिन्याच्या गोळ्यांसाठी येतात. मी निवृत्त झालो असलो तरी अधूनमधून केंद्रात डोकावतो. गेल्या वेळी भेटल्या तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, "कणकण नाही, डॉक्टर. वजन मात्र आज अजून केलेले नाही." आणि त्या काट्याकडे वळल्या.