रोजगार हमीचा पैसा कोणाचा आणि मुरला कोठे?

जमीनधारक शेतकऱ्यांच्या बैठकीत अलीकडे एक तक्रार वारंवार कानी पडते. सरकार कराचा पैसा रोजगार हमीच्या कामांवर उधळते, त्यामुळे मजूर सुस्तावतो, आणि ऐन खुरपणीच्या दिवसांत रानात यावयास माणूस मिळत नाही, अशी ती तक्रार आहे. तक्रार करणारे खोटे बोलतात असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. मजुरांची चणचण खरी आहे, आणि मजुरीचे दरही चढले आहेत. परंतु “आमच्या कराचा पैसा” हे शब्द या तक्रारीत येतात, त्यांचा हिशेब एकदा मांडून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. हा पैसा कोणी दिला, तो कोणत्या वाटेने आला आणि अखेरीस कोणाच्या रानात मुरला, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक आहे.

या योजनेची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ साली तिचा लहानसा प्रयोग झाला. पुढे १९७२-७३ चा दुष्काळ आला. त्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोहोचली होती. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांस सांगावयास नको की, खडी फोडण्यास बसलेल्या त्या माणसांत केवळ भूमिहीन नव्हते. पाच-दहा एकर जिरायतीचे धनी, ज्यांच्या घरी आदल्या साली बैलजोडी व सालगडी होता, तेही हातोडी घेऊन त्याच रांगेत बसले होते. मजुरासाठी म्हणून जी योजना आज आपण परकी मानतो, तिची गरज कोरडवाहू शेतकऱ्यासही तितकीच भासली होती, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

दुष्काळ सरला, पण मागेल त्याला काम देण्याचे तत्त्व टिकले. १९७७ साली त्याचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुराने काम मागितल्यापासून १५ दिवसांच्या आत ते दिले नाही, तर भत्ता देण्याचे बंधन सरकारने आपणहून स्वीकारले. भत्त्याची किमान रक्कम दिवसाला एक रुपया, म्हणजे नाममात्रच होती. परंतु दया म्हणून नव्हे तर हक्क म्हणून काम मागण्याची सोय देशात प्रथम आपल्याच प्रांतात झाली.

आता पैशाची बाजू पाहू. योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतील व गिरण्या-कारखान्यांतील नोकरदाराच्या पगारातून तो दरमहा परस्पर कापला जातो. राज्यघटनेप्रमाणे १९८८ पासून त्याची कमाल मर्यादा माणशी वर्षाला २,५०० रुपये आहे. याखेरीज मोटारगाड्यांवरील व विक्रीवरील जादा कर, शहरांतील राहत्या घरांव्यतिरिक्तच्या जागांवरील कर, बागायत जमिनीवरील विशेष आकारणी व साऱ्यावरील अधिभार, असे झरे या निधीत सोडण्यात आले. आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. यांत सर्वांत मोठा झरा व्यवसाय कराचाच. आपणा शेतकऱ्यांची आकारणी व अधिभार त्या मानाने अगदी किरकोळ. केंद्राच्या प्राप्तिकरातून तर शेतीचे उत्पन्न आजही वगळलेले आहे. डिझेल, अवजारे, साबण-कापड यांवर आपण कर देतोच, व तो थोडा नव्हे. परंतु तो आपला मजूरही देतो. मिठाच्या पुडीपासून आगपेटीपर्यंत जो खरेदी करतो, त्यास “फुकट खाणारा” म्हणताना जीभ जरा अडखळावी, असे आम्हांस वाटते.

शहरातील पगारदाराने हा भार का सोसला? त्यात निव्वळ परोपकार नव्हता. दुष्काळात गावेच्या गावे उठून शहरांच्या दाराशी येण्यापेक्षा त्यांस गावीच काम मिळालेले बरे, हा व्यवहारी विचार त्यामागे होता, आणि त्यात गैर काहीच नाही.

पण त्या पैशातून झाले काय? पाझर तलाव, नाला बांध, शेतांची बांधबंदिस्ती, पोचरस्ते. कायद्याचा कटाक्षच असा की काम उत्पादक असावे, आणि खर्चाचे किमान ६० टक्के मजुरीत जावेत. पाझर तलावाचे पाणी भूमिहीनाच्या अंगणात मुरत नाही. ते तलावाखालच्या विहिरींत उतरते, आणि त्या विहिरी आपल्या असतात. मजुराच्या हाती त्या दिवसाची मजुरी पडली व ती खर्चून गेली. बांध व पाणी मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्याकडे राहिले. १९९० पासून तर फळबागांची लागवडही या योजनेतून होऊ लागली. कोकणात आंबा-काजूच्या व घाटावर कोरड्या माळावर बोर-डाळिंबाच्या ज्या बागा त्यानंतर उभ्या राहिल्या, त्यांपैकी पुष्कळांचे खड्डे व रोपे याच पैशाची आहेत. खाजगी शेतात खाजगी मालकीची झाडे सार्वजनिक पैशाने लागली, त्यास मात्र “उधळपट्टी” म्हटलेले आम्ही कधी ऐकले नाही.

मजूर मिळत नाही या मूळ तक्रारीकडे वळू. हमीच्या कामावरील हजेरी वैशाख-ज्येष्ठात फुगते व पाऊस पडून पेरण्या लागल्या की ओसरते, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. रानात काम मिळू लागले की मजूर खडी सोडून रानात येतो. १९८८ साली या कामावरील मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आणून जवळजवळ दुप्पट करण्यात आली, तेव्हा गावातील दरही वर सरकले हे खरे. पण अर्ध्या पोटावर राबणारा मजूर हाच जर आपल्या शेतीचा आधार असेल, तर ती शेती मुळातच तोट्याची आहे, आणि तिचा दोष भावात, पाण्यात व पतपुरवठ्यात शोधला पाहिजे. शिवाय तरुण गडी आज हमीच्या कामावर जातो कोठे? तो औद्योगिक वसाहतीत जातो, बांधकामावर जातो, ऊसतोडीस जातो.

योजनेत दोष नव्हते असे नाही. “रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही” ही म्हण उगीच पडली नाही. हजेरीपटावर खोटी नावे, मोजमापात लबाडी, एका पावसात वाहून गेलेले नाला बांध, हे सारे घडले. आणि यातले मुकादम, कंत्राटदार व त्यांचे पाठीराखे बहुधा भूमिहीन नसतात. ते आपल्याच पंगतीतले असतात. दुसरा दोष शहरातील करदात्याने विचारावयास हवा होता. १९९० नंतर कित्येक वर्षी या कामासाठी गोळा झालेला कर कामावर झालेल्या खर्चाहून अधिक होता, आणि शिल्लक इतर खर्चात विरली. ज्या कारणासाठी कर घेतला त्या कारणीच तो लागावा, ही मागणी नोकरदाराइतकीच शेतकऱ्याचीही असावयास पाहिजे.

केंद्राने २००५ साली हेच तत्त्व देशभर नेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याऐवजी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले असून, खर्चाचा ४० टक्के वाटा आपल्यासारख्या राज्यांवर टाकला आहे. शिवाय पेरणी-कापणीच्या दिवसांत मिळून ६० दिवसपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. आपली तक्रार वरपर्यंत पोहोचली, असे काहींस वाटून समाधान होईल. पण ते ६० दिवस कोणते? कोकणातील भातलावणी, वऱ्हाडातील कापूसवेचणी व सोलापूरकडील ज्वारीची काढणी या एका पंचांगात बसत नाहीत. एकच तारीख साऱ्या प्रांतास लावली, तर कोठे मजूर रिकामा बसेल व कोठे रान ओस पडेल. ज्या गावी त्या दिवसांत शेतीचे काम नाही, तेथे मजुराने खावे काय, हा प्रश्न तारखा सुचविणाऱ्या बागायतदाराने आधी स्वतःस विचारावा. आणि ग्रामसभेत कामांची यादी मांडली जाते त्या दिवशी आपली खुर्ची रिकामी नसावी; कारण कोणता नाला अडवावा व तो कोठे अडवावा, हे आपल्याइतके कोणत्याही अभियंत्यास ठाऊक नसते.