उंदरांना लाळ का सुटली?

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या तोंडातून अचानक लाळ गळायला लागली तर तुम्ही काय कराल? ‘शी!’ म्हणून नाक मुरडाल ना? जपानमधल्या हाचिरो सुगिमोतो यांच्या गटाने मात्र ती लाळ निरखून पाहिली. त्यातूनच पुढे अल्झायमर या स्मृती हिरावणाऱ्या आजारावरचं एक प्रसिद्ध औषध तयार झालं.

सुगिमोतो एसाई नावाच्या औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते. नऊ भावंडांतले ते आठवे. म्हातारपणी त्यांच्या आईला स्मृतिभ्रंश झाला. ते भेटायला गेले की आई त्यांनाच विचारायची, तू कोण? त्यांनी नाव सांगितलं, की म्हणायची, माझ्याही एका मुलाचं नाव हाचिरोच आहे! विचार करा, त्यांना काय वाटलं असेल? 1983च्या सुमारास त्सुकुबा इथल्या प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने अल्झायमरवर औषध शोधायला घेतलं.

आता थोडं मेंदूत डोकावू या. मेंदूतल्या दोन पेशींच्या मध्ये एक अगदी बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि दुसरीला निरोप मिळतो. असंच एक रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. आठवण ठेवायला आणि लक्ष द्यायला ते फार लागतं. निरोप पोचला, की एक विकर येऊन त्या रसायनाचे तुकडे करतं. विकर म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया भराभर घडवणारं प्रथिन. या विकराचा एकच रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलिनच्या हजारो रेणूंचा फडशा पाडतो!

वर्गातला फळा आठवा. बाई लिहितात, मुलं उतरवून घेतात, मॉनिटर फळा पुसतो. अल्झायमरमध्ये अ‍ॅसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणजे खडूच पुसट उमटतो. त्यात मॉनिटर, म्हणजे ते विकर, नेहमीच्याच वेगाने पुसणार! मग मागच्या बाकावरच्यांनी वाचायचं कसं? सुगिमोतोंच्या गटाने ठरवलं, मॉनिटरचा हात धरायचा.

पण कशाने? टॅक्रिन नावाचं एक रसायन हे काम करायचं, पण त्याने यकृताला त्रास व्हायचा. त्यात फेरफार करून पाहिले, उपयोग झाला नाही. एवढ्यात एक वेगळंच संयुग हाती आलं. ते बनवलं होतं रक्तवाहिन्या कडक होण्याच्या आजारासाठी! ते दिल्यावर उंदरांना जास्त लाळ सुटली.

लाळेचा आणि आठवणींचा काय संबंध? अहो, लाळग्रंथींना ‘लाळ सोडा’ असा निरोपही अ‍ॅसिटिलकोलिनच देतं. मग लाळ वाढली, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन जास्त वेळ टिकत असेल का? तपासलं, तर खरंच ते संयुग विकराला अडवत होतं. पण अगदीच थोडं.

मग सुरू झाली खरी मेहनत. रेणूचा एक तुकडा बदला, तपासा, पुन्हा बदला. सुमारे 700 संयुगं बनवली. एक तर फारच जोरकस निघालं, पण पोटातून रक्तात फारच कमी पोचायचं. ते सोडून द्यावं लागलं. शेवटी जमलं ते डोनेपेझिल. 1996मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, 1999मध्ये जपानमध्ये. आज भारतातले डॉक्टरही ते देतात.

हे औषध विकराला अडवतं तरी कसं? या विकराच्या रेणूत एक खोल, अरुंद घळ असते आणि तिच्या तळाशी तुकडे करायचं काम चालतं. डोनेपेझिलचा लांबुळका रेणू त्या घळीत उभाच्या उभा बसतो. मग अ‍ॅसिटिलकोलिनला आत शिरायला वावच उरत नाही.

या औषधाने काही रुग्णांची स्मृती आणि रोजचे व्यवहार काही काळ थोडे सुधारतात. आजार मात्र थांबत नाही. खडूच संपत आला, तर नुसता मॉनिटरचा हात धरून किती दिवस भागणार? म्हणून आता शास्त्रज्ञ पेशी मरण्याच्या कारणांमागे लागलेत. मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन काढून टाकणारी औषधं आली आहेत. त्यांनी आजाराचा वेग थोडा कमी होतो, पण पूर्ण बरं करणारं औषध अजून कुणाच्याच हाती लागलेलं नाही.

ते शोधायला कदाचित तुमच्यातलंच कुणी पुढे येईल. त्याची तयारी आत्तापासून करता येते बरं का! शाळेतल्या प्रयोगात भलतंच काही घडलं, तर ‘चुकला’ म्हणून वही मिटू नका. काय घडलं ते आधी लिहून ठेवा, आणि मग विचारा, असं का झालं?